वाळवंटातली सवत

भाट्याच्या खाडीकाठी ताजबीशी भांडण काढायची कोणाची छाती नव्हती. मासळीवाली सखू, जिच्यापुढे भलेभले गप्प बसत, तीसुद्धा ताजबी लांबून दिसली की पाटीतले शिळे बांगडे आधीच बाजूला करायची. घराभोवती जांभ्याचा गडगा घातला तेव्हा गवंड्याने एक थर वाकडा लावला, तर हिने भर उन्हात तो उतरवून पुन्हा लावून घेतला. नवरा ओमानला, सासू अंथरुणाला, पोर कडेवर आणि बाई गडग्यावर उभी! अशी बाई जगात एकाच गोष्टीला भीत होती. तो एक प्रश्न होता, आणि तो तिने आपल्या नवऱ्याला उभ्या जन्मात विचारला नव्हता.

झालं होतं असं, की मजीद लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ओमानला गेला. खजुराच्या बागेत कामाला लागलो, असं त्याने कळवलं. पहिल्या खेपेला तो दोन वर्षांनी आला, पोराला, तन्वीरला, खांद्यावर घेऊन गावभर हिंडला आणि परत गेला. त्यानंतर चार वर्षं आलाच नाही. पत्रं यायची, टेपमध्ये भरलेला आवाज यायचा, माणूस यायचा नाही. त्याची आई वारली तेव्हाही आला नाही. बरोबरीची माणसं दोन-दोन वेळा येऊन गेली, आणि ह्याचं आपलं एकच, "इतक्यात जमणार नाय." मग गाव काय गप्प बसतंय? मजीदने तिकडे दुसरा संसार थाटलाय, अरबीण केलीय, बाग तिच्या बापाचीच आहे, इथपर्यंत मजल गेली. चार वर्षांनी तो आला तो खजुराची भलीमोठी पेटी घेऊन आला आणि स्वतः घरोघरी वाटत फिरला. तेव्हा बाजारात कोणीतरी हसत म्हणालं, "सासरचा खजूर हो, गोड असणारच." ताजबी तिथेच कोळंबी निवडत होती. तिने ऐकलं, कोळंबी घेतली आणि घरी येऊन चुलीपुढे बसून रडली.

विचारायचं ना मग सरळ? बोलणाऱ्याचं काय जातंय! विचारलं आणि तो "हो" म्हणाला तर पोराला घेऊन जायचं कुठे? असं करता करता पहिलं वर्ष गेलं, आणि एकदा वर्ष गेलं की असला प्रश्न घशातच अडकतो. मजीद पुढे कायमचा घरी आला. नवरा म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. आवाज चढवायचा नाही, ताटातलं टाकायचा नाही, तिच्या आजारपणात त्याने तिचे पाय चेपले. संध्याकाळी पडवीत बसून वाळवंटातल्या चांदण्यांच्या, दगडातून वाहणाऱ्या पाण्याच्या गोष्टी सांगायचा. त्या चार वर्षांचं नाव निघालं की मात्र उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचा. ताजबी ते सगळं बघायची.

आता तन्वीर मस्कतला नोकरीला आहे. यंदा जानेवारीत त्याने आई-बापाला बोलावून घेतलं. सोबत शेजारचे हरिश्चंद्र आणि राजश्रीही निघाले, कारण त्यांचा संदेश तिथेच तन्वीरच्या कंपनीत आहे. हरिश्चंद्र म्हणजे मजीदचा लहानपणापासूनचा जोडीदार. जन्मभर एसटी चालवली, रत्नागिरी-लांजा-राजापूर. तोंड फाटकं, मन साफ. संदेशला सुट्टी मिळेना, तन्वीरची बायको तूबा इस्पितळात नर्स, तिलाही रजा नाही. तेव्हा तन्वीरनेच एक मोठी गाडी घेतली आणि चौघा म्हाताऱ्यांना घेऊन तीन दिवसांच्या सफरीला निघाला. आधी नझवा, मग बहला, मग रेतीचं वाळवंट आणि परत.

"आणि ऐन-झाहिर?" ताजबीने विचारलं. मजीद ज्या बागेत होता, त्या गावाचं हे नाव. तिने ते पत्रांच्या पाकिटांवर इतक्यांदा वाचलं होतं, की झोपेतही लिहिलं असतं.

"तिथे काय हाय बघायला?" मजीद पटकन म्हणाला. "दगड नि धोंडे. उगाच वाट वाकडी."

त्याचा चेहरा उतरला होता. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही, पण ताजबीने ते बरोबर टिपलं. तिने पदर खोचला आणि त्या घडीला ठरवलं की मरायच्या आधी आपण ते गाव डोळ्यांनी बघायचं. जे असेल ते असेल. असेल सवत तर तिचं तोंड तरी बघू!

गाडी मस्कत सोडून डोंगरात शिरली आणि चौघं खिडक्यांना चिकटली. डोंगर म्हणजे नुसते उघडे डोंगर. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. आपल्याकडे कातळसुद्धा पावसाळ्यात हिरवा होतो, त्यावर फुलं येतात. इथे अल्लाने डोंगर घडवले आणि वरचं पांघरूण घालायचं जणू राहूनच गेलं. उन्हात त्यांचा रंग मिनिटामिनिटाला बदलत होता, आता तपकिरी, आता जांभळा. "सुभानअल्लाह," ताजबी पुटपुटली. राजश्रीने तिचा हात घट्ट धरला होता, कशासाठी ते तिलाही ठाऊक नसावं.

हरिश्चंद्राची तर निराळीच पंचाईत. रस्ता सरळ, नजर पोचेल तिथवर सरळ, एक वळण म्हणून नाही. हा बाजूला बसून उजवा पाय दर घडीला खाली दाबतोय.

"हरीकाका, काय शोधताय पायाखाली?" तन्वीरने विचारलं.

"ब्रेक! वळण कुठे गेलं रे तुमचं? माणसाने सावध राहायचं तरी कशाने? आमच्या लांज्याच्या रस्त्यावर डोळा लागायची बिशाद नाय, आणि हितं मेला रस्ताच झोपलाय!"

सगळे हसले. मजीदही हसला, पण तो खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या ओळखीची एकेक खूण मागे जात होती आणि तो मनात काहीतरी मोजत असल्यासारखा ओठ हलवत होता.

नझव्याला त्यांनी तो थोरला गोल बुरूज पाहिला. वर चढून गेल्यावर खाली गावाच्या चहूबाजूंनी खजुरीचं रान आणि त्याच्यापलीकडे पुन्हा ते उघडे डोंगर. बाजारात पांढऱ्या झग्यातले म्हातारे बकरीच्या दातांवरून घासाघीस करत होते. ताजबी तिथे बराच वेळ उभी राहिली. भाषा कळत नव्हती, पण कोण कोणाला फसवतोय ते तिला बरोबर कळत होतं, आणि एकदा तर ती मान हलवून "नको घेऊ" असं एकाला खुणेने सांगूनही मोकळी झाली. बहल्याला मातीचा किल्ला पाहिला. नुसत्या मातीचा! हरिश्चंद्राने तटाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे हा एक पावसाळा नाय टिकला असता, चिखल झाला असता चिखल." आणि तरी तो तट शेकडो वर्षं तिथे उभा होता, डोंगराएवढा. माणसाने ओंजळीओंजळीने माती लावून हे उभं केलं, ह्या विचाराने ताजबीचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते रेतीत पोचले. तन्वीरने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून चौघं थोडं पुढे चालत गेली. समोर रेतीच्या टेकड्या, त्यामागे आणखी टेकड्या, लालसर, गुळगुळीत, त्यांच्यावर वाऱ्याने काढलेल्या बारीक रेघा. आवाज कसलाच नव्हता. पक्षी नाही, कुत्रं नाही, समुद्राची गाज नाही. जन्मभर खाडीकाठी राहिलेल्या बाईला गाजेशिवाय कान म्हणजे काय हे पहिल्यांदा कळलं. तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज यायला लागला. हरिश्चंद्राने चपला काढल्या आणि हात जोडले. कोणाला जोडले ते त्याने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

ताजबीला मात्र एकच दिसत होतं. पंचविशीतलं पोर, आईच्या हातचं खाल्लेलं, माडाच्या सावलीत वाढलेलं. ते ह्या असल्या भुईवर एकटं येऊन उभं राहिलं होतं. इथे चार वर्षं! इथे कोणी दोन शब्द गोड बोललं असेल, कोणी भाकरी वाढली असेल, तर माणूस तिकडे वळला तर त्यात नवल काय? हे मनात आलं आणि ती चमकली. इतकी वर्षं जिचा राग राग केला, तिला आपण आज समजून घ्यायला लागलो की काय? तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

राजश्रीने डब्यातून घावन काढले, सुकटीची चटणी काढली. वाळवंटात सुकटीचा वास सुटला. ताजबीने घावन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तन्वीर, उद्या ऐन-झाहिर."

"अम्मी, अब्बा नको म्हणतायत..."

"तुझ्या अब्बांचं ऐकत आले इतकी वर्षं. उद्या माझं ऐका."

"अगो पण कशाला?" मजीदचा आवाज फुटला. "मालक कधीच वारले. कोण ओळखणार हाय मला?"

"ओळखलं नाय तर परत येऊ. त्यात घाबरायचं काय?"

हरिश्चंद्र पचकलाच. "काय रे मजीद, कोण हाय तुझं तिथे? एवढा घाम कसला फुटतोय?" राजश्रीने त्याला असा चिमटा काढला की त्याच्या हातातला घावन रेतीत पडला. मजीद उठला आणि गाडीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

सकाळी मोठा रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना कोरडे दगड, वर लख्ख आभाळ. वाट एका खिंडीत शिरली, वळली, "आलं बघा वळण!" असं हरिश्चंद्र ओरडला, आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

खाली दरीत हिरवं होतं. हिरवं म्हणजे किती सांगू! चारी बाजूंना भाजल्या विटेसारखे डोंगर आणि मधोमध खजुरीची दाट राई, शेंड्याला शेंडा लागलेली, वाऱ्यावर सळसळणारी. झाडांच्या खाली लिंबं, केळी, लसूणघास, आणि त्या सगळ्यातून दगडी पाटाने झुळझुळ पाणी वाहत होतं. डोंगराच्या पोटातून आलेलं, काचेसारखं स्वच्छ. पाट फुटत होता, त्याच्या शाखा होत होत्या, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी जाऊन पाणी थांबत होतं आणि पुढे जात होतं. ताजबी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मजीद पडवीत बसून सांगायचा, तेव्हा तिला वाटायचं माणूस वाढवून सांगतोय. त्याने कमीच सांगितलं होतं! एवढं त्याच्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं.

गाडी बागेच्या दाराशी थांबली. सगळे उतरले. मजीद उतरेना. "माझा गुडघा धरलाय. तुम्ही बघून या," तो म्हणाला आणि टोपी सारखी करत बसून राहिला.

तेवढ्यात दारातून एक बाई बाहेर आली. ताजबीच्याच वयाची, उंच, डोक्यावरून फुलाफुलांची ओढणी, नाक धारदार, डोळे काजळ घातलेले. ती पाहुण्यांकडे बघत हसली, सलाम केला, आणि मग तिची नजर गाडीच्या खिडकीकडे गेली. ती पुढे आली. वाकून तिने आत पाहिलं. आणि दोन्ही हात वर करून मोठ्याने ओरडली, "मजीद!"

हीच! गावाने सांगितलं होतं तशीच, बाग बापाची, स्वतः देखणी, म्हातारपणातही देखणी. राजश्रीने तिचा दंड धरला. मजीद खाली मान घालून गाडीतून उतरला, आणि ती बाई हसतेय, रडतेय, अरबीत भराभरा काहीतरी बोलतेय, मागे वळून घरात हाका मारतेय. "तन्वीर," ताजबी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "ती काय म्हणते ते मला सांग. एक शब्द गाळशील तर माझ्याशी गाठ हाय."

"म्हणते, मजीद आला, माझे अब्बा असते तर किती खूश झाले असते." तन्वीरलाही घाम फुटला होता. "हिचं नाव मौझा. मालकांची मुलगी."

मौझा तोवर ताजबीपुढे येऊन उभी राहिली होती. तिने ताजबीला नखशिखान्त न्याहाळलं आणि एकच शब्द विचारला. त्यासाठी तन्वीरची गरज लागली नाही.

"ताज?"

ताजबीने मान डोलावली. मौझाने तिला मिठीच मारली. सोडेना! मग तिचा हात धरून तिने तिला जवळजवळ ओढतच बागेत नेलं, पाटावरून उडी मारून, केळींमधून, लिंबांखालून. बाकीचे मागून धावत. बागेच्या अगदी आतल्या कोपऱ्यात उंच खजुरींची एक ओळ होती. मौझा तिथे थांबली आणि झाडांकडे हात करून पोट धरून हसायला लागली. मजीदने डोळे मिटून घेतले.

ताजबीला काही कळेना. पण हरिश्चंद्राला कळलं. तो झाडाजवळ गेला, बुंध्याला हात लावला, वर पाहिलं, आणि बोंबललाच.

"आवशीचा घो! मजीद! हे आपल्याकडचं काम हाय मेल्या! खाचा पाडल्यान् ह्याने! माडाच्या खाचा, खजुरीला!"

खरंच. कोकणात लहान पोरसुद्धा ओळखेल. माडावर चढायला बुंध्यात कोयत्याने पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, थेट शेंड्यापर्यंत. तशाच खाचा ह्या सात झाडांवर होत्या. आणि बाकी सगळी बाग पाहिली तर एकाही झाडाला कोयत्याचा ओरखडा नव्हता.

पुढचं मौझाने सांगितलं, तन्वीर एकेक वाक्य मराठीत करत गेला, आणि मजीद पाटाच्या कडेला टेकून ऐकत राहिला. खजुरीवर खाचा पाडत नाहीत. तोडलेल्या झावळ्यांचे जे खुंट बुंध्यावर राहतात, त्यांवर पाय ठेवायचा आणि कमरेला दोर बांधून मागे रेलत चढायचं, ही इथली रीत. मजीदला तो दोर काही मानवला नाही. माडावर वानरासारखा चढणारा माणूस तो, त्याला त्या दोराची लाज वाटायची. मालक हजला गेले तेव्हा ह्याने ठरवलं की ते परत यायच्या आत त्यांना खूश करून सोडायचं. कोयता घासला आणि बागेतल्या सर्वात जुन्या, सर्वात चांगल्या सात झाडांना झकास कोकणी खाचा पाडून ठेवल्या. शेंड्यापर्यंत!

"अब्बा हजवरून आले," मौझा सांगत होती, "आणि झाडांना मिठी मारून रडले. ही झाडं त्यांच्या आजीने लावलेली. जखमांत किडे पडले होते, दोन झाडं वाळायला लागली होती. अब्बांनी मजीदला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, बाळा, तू घरी जा, तुझी बायको वाट बघत असेल. हा म्हणाला, झाडं जगेपर्यंत मी तोंड दाखवणार नाही. अब्बा म्हणाले जा, हा म्हणाला नाही. प्रत्येक खाच ह्याने चिकणमाती नि काथ्या कालवून हाताने लिंपली. पाऊस नाही, सावली नाही, उन्हात माती तडकायची की पुन्हा लिंपायचा. माझं तेव्हा लग्न झालं, मला पोर झालं, हा आपला झाडाखाली. आम्ही पोरी ह्याला चिडवायचो, हा तुझ्या गोष्टी सांगायचा. ताजने असं केलं, ताज अशी भांडली. चौथ्या वर्षी सातही झाडांना घड लागले, तेव्हा पहिली पेटी अब्बांनी ह्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, आता जा."

मौझाचा नवरा एव्हाना घरातून कावा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, भरलेली किटली आणि खजुराची थाळी घेऊन आला होता, गोल पोटाचा, हसऱ्या दाढीचा. त्याने मजीदच्या गालांचे मुके घेतले आणि सगळ्यांच्या हातात वाट्या दिल्या. हरिश्चंद्र हसून हसून खाली बसला होता. ताजबी हसत नव्हती. ती झाडाकडे गेली. एका खाचेत तिने बोटं घातली. आत अजून माती होती, दगडासारखी कडक झालेली, आणि तिच्यावर कोणाच्या तरी बोटांचे वळ उठलेले. तिने मान वर केली. खाचा वर वर जात होत्या आणि मध्येच संपत होत्या. तिथे त्या वेळी झाडाचा शेंडा होता. त्याच्यावर तेवढंच झाड आणखी वाढलं होतं, सरळ, बिनखाचेचं, थेट उन्हात. इतक्या जखमा अंगावर घेऊन ते एवढं उंच गेलं होतं. तिला भरून आलं, आणि भरून आलं म्हणूनच बहुधा, मागोमाग संतापही आला.

"चार वर्षं!" ती वळली. "तुमची आई गेली तेव्हा मी एकटीने सगळं केलं. पोराला अब्बा म्हणजे टेपातला आवाज वाटायचा. आणि तुम्ही हितं झाडं लिंपत बसलात! एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

"काय लिहिणार होतो?" मजीद जमिनीकडे बघत म्हणाला. "गावभर सांगून आलो होतो, झाडावर माझ्यासारखा माणूस नाय म्हणून. आमच्या सात पिढ्या माडात गेल्या. आणि मी लोकाच्या आजीची झाडं मारली असं लिहू? कबरीतल्या माझ्या बापाला चाललं असतं? ह्या हऱ्याने मला जगू दिलं असतं?"

"आणि गाव काय बोलत होतं ते ठाऊक होतं तुम्हाला?"

मजीदने टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाला, "कानावर आलं होतं. दुसरी केली म्हणतात म्हणून. म्हटलं, म्हणू देत. ते चाललं."

"कोणाला चाललं?"

मजीदने वर पाहिलं. त्याच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं, आणि त्या आश्चर्याच्या मागून हळूहळू भीती आली. "तुला खरं वाटलं होतं?" त्याने विचारलं. "ताजबी, तुला खरं वाटलं होतं? तू कधी बोलली नायस."

"तुम्ही कधी सांगितलं नायत."

ती पाटाच्या कडेला बसली, वहाणा काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि सगळ्यांदेखत मोठमोठ्याने रडली. मौझा तिच्या शेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिला काही कळत नसून सगळं कळल्यासारखी तीही रडली. पाणी उन्हातही गार होतं. वर सातही झाडं डुलत होती. ताजबीच्या छातीवरचं काहीतरी इतक्या वर्षांनी उतरलं, आणि ते उतरल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की त्याचीच भीती वाटली. ती पुन्हा पुन्हा वर बघत राहिली. अल्लाची करणी! दगडातून पाणी, पाण्यातून झाड, आणि झाडापायी एवढा शुद्ध वेडेपणा करणारा हा माणूस, आणि तो आपला.

मौझाने जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. भात, मटण, लिंबाचं लोणचं. निघताना तिने ताजबीच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि खजुराची पेटी गाडीत ठेवली. तिच्या नातवंडांना त्या खाचांवरूनच झाडावर चढायला आवडतं, असंही तिने जाता जाता सांगितलं. बागेतली तेवढीच झाडं पोराबाळांची आहेत म्हणे.

गाडी खिंड चढून मोठ्या रस्त्याला लागली आणि हरिश्चंद्राला पुन्हा कंठ फुटला. "आता बघ मजीद! गेल्या गेल्या बाजारात टपरीवर सगळ्यांना चहा. सांगतो एकेकाला. माडकऱ्याने खजूर ठार केला! तुझा बाप लोकांना माडावर चढायला शिकवायचा, आणि पोरगा... आई शप्पथ, वर्षभर पुरेल एवढं हसू हाय हे!"

मजीदचे कान लाल झाले होते. सत्तरीतला माणूस, पण शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा तो खिडकीला डोकं टेकून बसला. ताजबीने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हरीभाऊ," ती म्हणाली, "खाचेतला ख काढलात तर याद राखा."

"अहो भाभी, गंमत..."

"गंमत बिंमत काय नाय. राजश्री, तुझ्या नवऱ्याला सांग. शपथ घाल त्याला."

"मग गावात काय सांगायचं?" हरिश्चंद्र रडकुंडीला आला. "सगळे विचारणार. ऐन-झाहिरला गेलात, तिथे काय बघितलंत म्हणून विचारणार. काय सांगू मी?"

बाहेर पुन्हा तो सरळ रस्ता सुरू झाला होता आणि उघडे डोंगर मागे जात होते. ताजबीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सांगा, ताजबीची सवत बघितली. उंच हाय, देखणी हाय, बाग तिच्या बापाची हाय. सांगा, दोघींनी शेजारी बसून कावा घेतला."

"अम्मी!" तन्वीरने गाडीचा वेग कमी केला. मजीद ताडकन वळला. "ताजबी, नको गो," तो म्हणाला, "ते नको. तू आजवर कमी ऐकलंस?"

"इतकी वर्षं ऐकलं, आणखी थोडं ऐकून घेईन," ताजबी म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याला झाडातलं कळत नाय असं कोणी म्हटलेलं मला चालायचं नाय."